काचेची पेटी आणि अंगणातला खड्डा

नातीच्या कंप्युटरची पेटी काचेची घ्यायची, हा हट्ट माझा. तिला स्वतःला काळी, जाळीची, साधी पेटी आवडली होती. जाळीतून वारं चांगलं खेळतं म्हणे. मी म्हटलं, घ्यायची तर काचेची, नाहीतर चला तसेच घरी. घरात ह्याची मोठी चेष्टा झाली. सूनबाई म्हणाली, आबांना ह्या वयात झगमगाट आवडायला लागला. आमच्या हिनं शेजारणीला सांगितलं की म्हाताऱ्याला आत लाल-निळे दिवे फिरताना बघायचेत. हसतात तर हसू द्यावं. खरं कारण एवढंच होतं की काचेतून करंट येत नाही. लाकडातूनही येत नाही, म्हणून त्याआधी मी सागाच्या फळ्यांची पेटी स्वतः ठोकून देतो म्हणालो होतो. माळ्यावर फळ्या पडूनच होत्या. पोरीनं ते हसण्यावारी नेलं. मग काच तरी. जेवढ्या बाजू काचेच्या होतील तेवढ्या काचेच्या, असं माझं गणित होतं, आणि ते गणित सगळं भीतीचं होतं.

ह्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा पोरपणाचं लिहायचं आणि मिसरूड फुटलं की थांबायचं, असं मी ठरवलं होतं. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे फार वेळ लिहीत बसणं झेपत नाही. पण जे लिहीन ते माझं मी लिहीन, दुसऱ्याला सांगून लिहून घेणार नाही. कंप्युटर तर मी म्हातारा झाल्यावर घरात आला. मग तो पोरपणात कुठं घुसवताय, असं मुलानं विचारलं. त्याचं उत्तर असं, की माणूस सगळाच्या सगळा एकदम मोठा होत नाही. माझा एक तुकडा, दादा गेला त्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहिला होता. बाकीचा मी वाढलो, लग्न केलं, बैल पाळले, जमीन राखली, चार माणसांत बोलायला लागलो. तो तुकडा तसाच, बांधावर भाकरीचं फडकं धरून उभा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ गणपत. त्या वर्षी कालव्याच्या पाण्यावर आम्ही उन्हाळी भात लावलं होतं. आमचं खाचर कालव्यापेक्षा उंचावर, म्हणून पाणी वर घ्यायला गावातल्या काही घरांनी मिळून विजेची मोटर घेतली होती. ती कालव्याच्या काठाला दोन ओंडक्यांवर ठेवलेली असायची आणि तिचा घुंघुं आवाज कडावच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मी दादाची भाकरी घेऊन गेलो होतो. तांदळाची भाकरी आणि सुकट. मोटर चालू होती, पाइपातून पाणी पडत होतं, आणि दादा मोटरीवर वाकलेला होता. मला वाटलं, काहीतरी बघतोय. मी हाक मारली. मग बांधावर उभा राहून पुन्हा मारली. मला रागही आला की हा ओ का देत नाही. शेजारचा एक माणूस चिखलातून त्याच्याकडं धावला आणि मधेच असा उडाला, जसा कुणी त्याच्या पायाखाली विस्तव टाकला. तो मागं पळत ओरडला, "जमिनीत करंट हाय, कोनी जाऊ नका." कुणीतरी खांबाकडं धावून काठीनं खटका पाडला. मोटरीचा आवाज थांबला आणि तेव्हा मला कळलं. त्या आवाजाच्या जागी जे आलं, ते काय होतं हे मला अजून लिहिता येत नाही.

आईनं मोटरीला दोष दिला नाही. तिनं त्या माणसाचं बोलणं धरलं. जमिनीत करंट होता, जमिनीनं माझं पोर खाल्लं. पुढं गावठाणात घरोघर वीज आली, आमच्याकडंही वायरमन आला. त्यानं भिंतीवर पट्ट्या ठोकल्या, बोर्ड बसवले, आणि अंगणात एक खड्डा खणायला घेतला. आईनं विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, ह्यात वायर सोडायची, जादा करंट जमिनीत जातो. आईनं पदर खोचला, खड्ड्यात उतरली आणि मांडी घालून बसली. वायरमन हसला, मग विनवू लागला, मग चिडला. आई म्हणाली, "माज्यावर माती लोट, मग सोड तुजी वायर." तो दिवसभर काय थांबणार? ती वायर त्यानं गुंडाळून मीटरच्या पाठीमागं खोचली आणि गेला. आईला हात देऊन मी वर काढलं, आणि आम्ही दोघांनी तो खड्डा पायांनी माती लोटून बुजवला. तेव्हापासून आमच्या घराची रीत ठरली. बटणाला हात लावायचा तर पायात रबरी चपला, हात कोरडा, डावा हात पाठीमागं. प्रत्येक बोर्डाखाली चपलांचा जोड. सून नवी आली तेव्हा तिला वाटलं, ह्या माणसांना सोवळंओवळं काही नाही. ती आमच्याकडची रीत आहे, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. अंगावर आलेल्या बैलाचं शिंग धरलेला माणूस मी. मला बटणाची भीती वाटते हे मी कुणाला सांगणार?

आता नातीचं. ऋतुजा तिचं नाव, मुलाची एकुलती एक. मुलगा खालापूरच्या बाजूला कारखान्यात पाळीवर जातो, सूनबाई कर्जतला शिवणकाम करते, त्यामुळे पोर वाढली ती आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या अंगाखांद्यावर. दहावी होऊन ती कॉलेजात जायला लागली, आणि घरातले आवाज बदलले. पूर्वी संध्याकाळी आमच्याकडं म्हशीच्या धारेचा आवाज, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, देवळातली घंटा, एवढंच असायचं. आता ओटीवरून बंदुका वाजायला लागल्या. फोन दोन्ही हातांत धरून ती कानात बोंडं घालून बसायची आणि कुठल्या कुठल्या मुलखातल्या पोरांवर हिंदीतून हुकूम सोडायची. पीछे देख, छत पे है, कव्हर दे. आमची ही तिथंच वाल सोलत बसायची आणि म्हणायची, "अगं ए, त्या छपरावरच्याला आधी जेवू तरी दे." पोर हरायची ती फोनमुळं. फोन तापायचा आणि ऐन लढाईत चित्र अडकायचं. मग तिच्या डोक्यात कंप्युटर बसला. तयार घ्यायचा नाही, एकेक भाग निवडून घरी जोडायचा. तयार पेटीत दुकानदारानं आत काय घातलंय ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. हे मात्र मला पटलं. दात बघितल्याशिवाय मी कधी बैल घेतला नाही. तिच्या बापानं होकार दिला, खर्चाचं त्या दोघांनी बघितलं, त्यात मी पडलो नाही. मी एकच अट घातली. जो नग घरात येणार तो आधी मला समजावून सांगायचा.

मग रोज संध्याकाळी ओटीवर शाळा भरायची. ती मास्तरीण आणि मी पोर. बिस्किटाएवढा चौकोन दाखवून म्हणायची, हा प्रोसेसर, हा विचार करतो. ही रॅम, ही हातातलं काम लक्षात ठेवते. हा मदरबोर्ड, ह्याच्यावर सगळे बसतात. हे ग्राफिक्स कार्ड, चित्र हे काढतं, सगळ्यात तालेवार आणि सगळ्यात खादाड हेच. प्रत्येक भागात दोन-तीन जाती, आणि त्यातला कुठला घ्यायचा ह्यावर तिची तिच्या मित्रांशी फोनवर भांडणं. हा घेतला तर तो बसत नाही, तो बसला तर पेटी पुरत नाही. मी सगळं ऐकून घ्यायचो आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचो, ह्याच्यात करंट किती? घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं अजून चालतं, बरोब्बर प्रश्न विचारतो. ऋतुजा समजूत घालायची की आत फार कमी असतो, आबा, बारा व्होल्ट, बोट लावलं तरी काही होत नाही. मग मी विचारायचो, आणि भिंतीतून येतो तो? तो हा पॉवर सप्लाय घेतो, ती म्हणायची, आणि बारीक करून सगळ्यांना वाटतो. तिथं माझा जीव अडकला. म्हणजे सगळा धोका त्या एका डब्यात. बाकीच्या जिनसांवरनं माझं लक्षच उडालं.

तो डबा आणि पेटी घ्यायला आम्ही दहिवलीला गेलो. बाकीचं सामान कुरिअरनं येणार होतं. दुकानात मी चारशे वॅटचा मागितला.

"आबा, साडेसातशेचा लागंल," ऋतुजा म्हणाली. "चारशेवर माझं कार्ड चालणार नाय."

"मग कार्ड बारकं घे."

"तुमी बैल घेताना बारका घेतलात का कधी?"

दुकानातली माणसं हसली. तिला कसं सांगू की मला जेवढा कमी करंट घरात येईल तेवढा पायजे? दुकानदारानं दोन डबे पुढ्यात ठेवले. दोन्ही साडेसातशेचे, दिसायला सारखे. मी एक उचलला आणि मग दुसरा. पहिला हलका होता, पळिंज भातासारखा, वरून टरफल आणि आत दाणा नाही. दुसरा हाताला ओढत होता. जन्मभर मी कोयता, कुऱ्हाड, फाळ सगळं वजनावर घेतलं आहे आणि कधी फसलो नाही. पण त्या दिवशी हात म्हणत होता जड घे, आणि छातीतलं ते पोर म्हणत होतं हलका घे, ह्याच्यात कमी मावत असेल. मी दोन्ही डबे हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी जड घेतला. हलकं अवजार घेऊन घरी जायची लाज वाटली. भीतीपेक्षा लाज मोठी निघाली एवढंच, त्यात माझं शहाणपण काही नाही. पोरीनं मात्र फोनवर सगळ्यांना सांगितलं की आबांनी हातानं तोलून बरोबर उचलला. आणि पेटीचं तुम्हांला सांगितलंच आहे. येताना टेंपोत मी ती काचेची पेटी मांडीवर धरून बसलो होतो, आणि पाठीमागच्या बाजूला लोखंडी पत्रा आहे हे मला पळसदरीच्या फाट्याकडं वळणारी एक गाडी आडवी आली आणि पेटी फिरवून धरावी लागली, तेव्हा दिसलं. घरी येईपर्यंत मी त्या पत्र्याकडंच बघत होतो.

जोडायचा दिवस रविवारचा. सगळ्यांना सुट्टी. सूनबाईनं वालाच्या डाळिंब्यांची आमटी केली होती, तिचा वास घरभर. ओटीवर चटई टाकून ऋतुजानं सगळे भाग मांडले. आमची ही हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, नवी वस्तू घरात येते तर कुंकू लागलंच पाहिजे. तिनं चिमूट धरली तेव्हा पोरीनं त्या मदरबोर्डावर हात आडवा धरला. आजी, ह्यावर नको, बारीक पिना आहेत, कण गेला तरी संपलं. आजीचं तोंड पडलं. मग तडजोड झाली, रिकाम्या खोक्याला कुंकू लागलं, आणि ते खोकं अजून देवाच्या फळीखाली आहे. जोडणी पोरीनं छान केली, गडबड नाही, जीभ दातांत धरून एकेक स्क्रू. पिन लावायची वेळ आली तेव्हा मी उठलो. म्हशीला पाणी दाखवून येतो म्हणालो. म्हशीला तेव्हा पाणी नको होतं. मी गोठ्यात तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि कान घराकडं. आतून ओरडा झाला, टाळ्या झाल्या. आणि त्यामागून तो आवाज आला. घुंघुं. बारीक होता, पंख्याचा होता, पण तोच.

पुढं काही दिवस बरे गेले. मी ओटीवर जायचंच टाळलं. मग एक दिवस सकाळी मी दारातून जाताना बघितलं. ऋतुजा पेटीच्या पाठीमागं काहीतरी खुपसत होती. तिचा हात त्या पत्र्याला लागला आणि तिनं असा मागं घेतला, जसा तव्याला लागला. आणि मग ती इकडं तिकडं बघून, देवघरातला लाकडी पाट आणून पायाखाली ठेवून बसली. म्हणजे हे आजचं नव्हतं. तिला माहीत होतं आणि ती लपवत होती.

मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काय नाय आबा, जरा मुंग्या येतात. सगळ्यांच्याच येतात, नेटवर लिवलंय."

मी भिंतीला टेकवलेला झाडूचा दांडा घेतला आणि बोर्डावरचा खटका खाली पाडला. पडदा काळा झाला. तिची कुठलीतरी लढाई चालू होती, ती बुडाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर मोठ्यानं चिडली. मी ऐकून घेतलं. मग वायरमनला निरोप धाडला.

दुपारी सलीम आला. दहिवलीचा वायरमन, वयानं माझ्या मुलाएवढा, आणि बढाईखोर असा की कर्जत तालुक्यातले निम्मे पंखे आपल्यामुळं फिरतात असं स्वतःच सांगणार. त्यानं पिशवीतून बल्ब लावलेला होल्डर काढला, त्याच्या दोन वायरी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब मेलेला.

"आबा, ह्यो वरचा होल नुसता शोभेचा हाय," तो म्हणाला. "पाठीमागं कायच नाय. तुमच्या घराला अर्थिंगच नाय. पत्र्यावर चढलेला करंट जायचा कुठं? पोरीच्या अंगातनं जातो. आज मुंग्या हायत. उद्या आत काय बिघडलं तर मुंग्यांवर भागणार नाय."

मग उपाय काय, तर अंगणात खड्डा, त्यात पाइप, कोळसा, मीठ, पाणी, आणि वायर जमिनीत. मी नाही म्हणालो. त्यानं समजावलं, मी नाही म्हणालो. माझ्या जमिनीत करंट सोडायचा नाही. ह्या अंगणात आमची ही सारवते, पोर अनवाणी फिरते, म्हैस उभी असते. सलीम म्हणाला, आबा, सगळं जग सोडतं. मी म्हटलं, सोडू दे. त्याला चहा पाजला आणि परत धाडला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा अडून बसला. मी अडून बसणारा माणूस आहेच, ते खोटं नाही. पण त्या दिवशी मला दोन्हीकडून घेरलं होतं. वायर सोडावी तर जमीन पोरीला खाणार, न सोडावी तर पेटी खाणार. आणि मधे आई मांडी घालून बसलेली.

ऋतुजा भांडली नाही. तेच वाईट होतं. तिनं पेटीच्या वायरी काढल्या, काच फडक्यानं पुसली, आणि खोकी आणून एकेक भाग सोडवायला बसली. परत देऊन टाकू म्हणाली, पंधरवड्यात घेतात. तिची आजी शेजारी वाल सोलत होती, तिनं मान वर केली नाही. मी समोर बसलो आणि दादाचं सांगितलं. घरात कुणालाच ते पुरतं माहीत नव्हतं, माझ्या बायकोलाही नाही; दादा शेतात वारला, एवढंच सगळे जाणून होते. मी भाकरीचं सांगितलं, हाक मारल्याचं सांगितलं, तो माणूस चिखलात उडाल्याचं सांगितलं. आईचं खड्ड्यात बसणं सांगितलं. ही वाल सोलायची थांबली. पोरीनं सगळं ऐकलं आणि मग हळू विचारलं, "आबा, त्या मोटरीला अर्थिंग होतं का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मलाही विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि ती मोटर बघितली. दोन ओंडके. सुंभाची दोरी. खांबावरून आलेली वायर. पाइप. ओंडक्यांखाली शेवाळ. जमिनीत गेलेली वायर कुठं आहे म्हणून मी सगळीकडं शोधलं.

"नव्हतं गं," मी म्हटलं.

मी उठून अंगणात गेलो. खाचरात पाणी तुंबलं की बांधाला आपण वाट ठेवतो, ती काय पाण्याचे लाड म्हणून ठेवत नाही. वाट ठेवली नाही तर पाणी बांध जिथं कच्चा असेल तिथं फोडतं. हे मी दर साली करत आलोय, पोराबाळांना शिकवत आलोय. त्या दिवशी कालव्याच्या काठाला कच्चा बांध म्हणजे दादा होता. जमिनीनं त्याला खाल्लं नव्हतं. करंटाला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो त्याच्यातून गेला. चिखलात त्या माणसाच्या पायाला लागला तो दादातून उतरलेला. हे एवढं सोपं होतं, आणि आई ते न कळताच गेली. मला तिचा राग आला नाही. तिनं तिच्या अकलेनं आम्हाला जपलं. पण समजलं म्हणजे भीती गेली असं कुणी म्हणत असेल तर त्याला भीती माहीत नाही. अंगण डोळ्यांपुढं हलत होतं.

सलीमला पुन्हा बोलावलं. खड्डा मात्र मीच खणणार म्हणालो. मुलगा पाळीवरून आला होता, तो म्हणाला, बाबा, तुमचं वय बघा. मी त्याच्या हातातली पहार काढून घेतली. आईनं आणि मी खड्डा बुजवला होता तीच जागा निघाली, माती तिथं बाजूपेक्षा जरा मऊ होती. छातीइतका खोल गेलो. आत माती गार होती, तळव्यांना ओल लागत होती, आणि वर चार डोकी वाकून बघत होती. मला क्षणभर खाली बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. बसलो असतो तर कुणी उठवू शकलं नसतं. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, आये, ऊठ आता. सलीमनं ऐकलं, त्याला वाटलं मी त्याला काही सांगतोय, म्हणाला, "काय आबा, पाइप देऊ का?" मी म्हटलं, दे. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, मग माती, मग पाणी. वायर भिंतीतून नेऊन सलीमनं सगळ्या बोर्डांना जोडली. मग त्यानं तोच बल्ब वरच्या भोकात लावून दाखवला. लख्ख. त्यानंतर मीटरपाशी एक नवी पेटीही बसवली, करंट गळाला तर आपोआप खटका पाडणारी. झालं म्हणाला, आता बिनघोर हात लावा.

बल्बाची साक्ष मला पुरेना. ऋतुजानं कंप्युटर पुन्हा जोडला होता, खटका टाकला, पंखे फिरायला लागले, आणि ती हात पुढं करणार तेवढ्यात मी तिला मनगटाला धरून मागं ओढलं. माझे पाय खड्ड्यातल्या पाण्यानं भिजलेले, चिखलाचे, आणि ओटीची लादी ओली झालेली. ती घाबरली. तिचा चेहरा पांढरा झाला होता, आमच्या घरची भीती तिच्यातही उतरली होती हे मला तेव्हा दिसलं.

"आबा, असे नका. मी लावते आधी."

"तू मागं हो."

सलीमनं हात पालथा लावायला सांगितलं, म्हणजे झटका बसला तर मूठ आवळत नाही. मी पेटीच्या पाठीमागं गेलो. घुंघुं चालू होतं. मला बांध दिसत होता, पडणारं पाणी दिसत होतं. हात पुढं जाईना. मी त्याला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, बैलाला देतो तशा. मग पालथा हात पत्र्याला लावला. काही नाही. मग सुलटा केला आणि पंजा पसरून टेकवला. पत्रा गार होता, वरच्या अंगाला जरा कोमट. मुंग्या नाहीत. नुसती थरथर, वासराच्या कुशीवर हात ठेवल्यावर लागते तशी. ही उंबऱ्यात उभी राहून बघत होती, मुलगा बघत होता, सलीम बघत होता. मी कुणाकडं बघितलं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते दाखवायची मला सवय नाही.

आजही मी बटण दाबताना डावा हात पाठीमागं घेतो. जाऊ दे, काही गोष्टी माझ्याबरोबर जातील. पण खालची माती ओली राहावी म्हणून उन्हाळ्यात त्या पाइपाच्या तोंडात घागरभर पाणी ओतायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

त्या दिवशी मी तसाच उभा राहिलो, पुष्कळ वेळ. शेवटी ऋतुजा हळूच म्हणाली, "आबा, हात काढा ना आता. तिथनं गरम हवा बाहेर पडते, तुमी वाट अडवलीय."

"थांब गं जरा," मी म्हटलं.

ती थांबली.